गुंगी आणणारी अॅलर्जीची गोळी : घेताना कोणती काळजी घ्यावी?

बंगळुरू – शहराच्या पश्चिम भागातील राजाजीनगर ही नियोजनपूर्वक वसविलेली जुनी वसाहत आहे. कारखाने आणि यंत्रशाळा, त्यांना लागून दाट लोकवस्ती आणि कर्मचारी राज्य विमा महामंडळाचे मोठे रुग्णालय ही तिची ओळख. शिंका, नाक गळणे, डोळ्यांना खाज, अंगावर पित्त उठणे या तक्रारी बंगळुरूकरांना नव्या नाहीत. शहरातील बालरोगतज्ज्ञ डॉ. एच. परमेश यांनी रुग्णालयात आलेल्या १८ वर्षांखालील मुलांची पाहणी केली, तेव्हा दम्याचे प्रमाण १९७९ मधील ९ टक्क्यांवरून १९९९ मध्ये २९.५ टक्क्यांवर गेल्याचे आढळले होते. अशा शहरात औषधाच्या दुकानातून अॅलर्जीची गोळी मागून घेणे सवयीचे होते. ती घेणारा माणूस मात्र काही वेळाने दुचाकीवर बसणार असतो किंवा कारखान्यातील यंत्रापुढे उभा राहणार असतो. या गोळीचा खरा प्रश्न तेथे सुरू होतो.

अॅलर्जी होते तेव्हा शरीरातील पेशी हिस्टामिन नावाचे रसायन सोडतात. खाज, सूज आणि शिंका ही त्याची करामत. हे रसायन जेथे जाऊन बसते त्या जागा अडवून धरणारी औषधे म्हणजे अँटिहिस्टामिन. फेनिरामिन (अव्हिल), क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिन आणि प्रोमेथाझिन (फिनर्गन) ही त्यांची पहिली पिढी. या शोधकार्यातील एक अग्रणी डॅनिएल बोवे यांना १९५७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रोमेथाझिन १९४० च्या दशकात फ्रान्समध्ये तयार झाले. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्ण शांत राहावा म्हणून त्याचा वापर होऊ लागला आणि त्याच वाटेने पुढे क्लोरप्रोमाझिन हे मनोविकारांवरील औषध सापडले. ज्या औषधाच्या नात्यात मनोविकारांचे औषध आहे, ते केवळ नाकापुरते काम करील अशी अपेक्षा करणे व्यर्थ होय.

या पिढीतील औषधे रक्तातून सहज मेंदूत शिरतात. जागे ठेवण्याच्या कामी मेंदू हिस्टामिनच वापरतो, त्यामुळे तेथील जागा अडल्या की गुंगी येते. मेंदूतील ओकारीच्या केंद्रावरही परिणाम होत असल्याने यांपैकी काही औषधे मळमळीवर आणि गाडी लागण्यावर उपयोगी पडतात. प्रोमेथाझिन घेतल्यावर सुमारे वीस मिनिटांत अंमल सुरू होतो. तो चार ते सहा तास आणि कधी बारा तासांपर्यंत टिकतो. रात्री झोपताना घेतलेल्या गोळीचा जडपणा सकाळच्या पाळीपर्यंत उरणे म्हणूनच शक्य असते.

अमेरिकेतील आयोवा येथे वाहन चालविण्याच्या कृत्रिम यंत्रणेवर झालेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात परागकणांची अॅलर्जी असलेल्या ४० जणांची चाचणी घेण्यात आली. डायफेनहायड्रामिन घेतलेल्यांचे वाहनावरील नियंत्रण मद्य घेतलेल्यांपेक्षाही काही बाबतींत वाईट होते. याहून महत्त्वाचा निष्कर्ष असा की, आपल्याला किती झोप येत आहे याविषयी चालकाने दिलेल्या उत्तरावरून त्याचे वाहन चालविणे किती बिघडले आहे याचा अंदाज बांधता येत नव्हता. “मला तर काही झोप आली नाही” हे वाक्य म्हणून भरवशाचे नाही. त्याच चाचणीत दुसऱ्या पिढीतील फेक्सोफेनाडिन घेतलेल्यांची कामगिरी मात्र औषध न घेतलेल्यांसारखीच राहिली.

दिवसा काम करणाऱ्या व्यक्तीने डॉक्टरांकडे फेक्सोफेनाडिन किंवा लोराटाडिन यांविषयी विचारणा करणे यामुळे हिताचे ठरते. सेटिरिझिन याच पिढीतील असले तरी काहींना त्याने झोप येते. फेक्सोफेनाडिन फळांच्या रसाबरोबर घेतल्यास शरीरात कमी शोषले जाते. ते साध्या पाण्याबरोबरच घ्यावे.

दुसरा धोका नावांच्या गोंधळाचा आहे. बस लागू नये म्हणून घेतली जाणारी अव्होमिन आणि अॅलर्जीसाठीची फिनर्गन ही दोन वेगळी औषधे आहेत असे अनेकांना वाटते. दोन्हींत प्रोमेथाझिनच असते, क्षार तेवढा निराळा. बेळगाव, कोल्हापूर किंवा पुण्याच्या रात्रीच्या बसमध्ये बसण्यापूर्वी एकाने मळमळीसाठी एक आणि शिंकांसाठी दुसरी गोळी घेतली, तर मात्रा नकळत दुप्पट होते. सर्दी-खोकल्याच्या अनेक मिश्र औषधांत क्लोरफेनिरामिन असते, ते वेगळेच. पाकिटावरील ठळक नावाखाली बारीक अक्षरांत छापलेले मूळ औषधाचे नाव वाचणे हा यावरचा साधा उपाय. प्रवासासाठी गोळी घ्यायची तर लांबच्या प्रवासाच्या आदल्या रात्री, आणि लहान प्रवास असल्यास एक-दोन तास आधी घ्यावी. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी बहुधा बाहेरच पडते. वाहनचालकाने ती घेऊच नये. मद्य, झोपेच्या गोळ्या किंवा अफूजन्य वेदनाशामके यांच्यासोबत ती घेणे श्वसनावर परिणाम करू शकते.

लहान मुलांच्या बाबतीत दक्षता सर्वाधिक हवी. प्रवासात मूल शांत झोपावे म्हणून गुंगीचे औषध पाजण्याची पद्धत घातक आहे. दोन वर्षांखालील मुलांना प्रोमेथाझिन दिल्यावर श्वास मंदावून मृत्यू झाल्याच्या नोंदींमुळे अमेरिकेच्या औषध नियामकाने २००४ मध्ये वेष्टनावर कठोर इशारा छापणे बंधनकारक केले. ऑस्ट्रेलियाच्या नियामकाने २०२४ मध्ये ही वयोमर्यादा सहा वर्षांवर नेली. भारतात क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा आदेश डिसेंबर २०२३ मध्ये निघाला. काही मुलांना तर झोप येण्याऐवजी अस्वस्थता आणि चिडचिड होते, आणि मग पालक आणखी एक चमचा पाजतात.

वृद्धांमध्ये याच औषधांनी तोंड कोरडे पडणे, बद्धकोष्ठता, स्मरणाचा गोंधळ आणि रात्री उठताना तोल जाणे असे प्रकार घडतात. पुरःस्थ ग्रंथी वाढलेल्यांना लघवी अडण्याचा, तर काचबिंदूच्या एका प्रकारात डोळ्यातील दाब वाढण्याचा धोका असतो. गर्भवती महिलांनी मळमळीसाठी स्वतःहून गोळी घेऊ नये. त्यांच्यासाठी डॉक्टर बहुधा डॉक्सिलामिन आणि पायरिडॉक्सिन यांचे मिश्रण देतात. डॉक्सिलामिनही गुंगी आणणारेच आहे, हे ध्यानात असावे. ओकारी थांबली म्हणजे कारण गेले असेही नव्हे. पोटात तीव्र दुखणे, डोके दुखणे किंवा डोक्याला मार लागणे यांसह उलट्या होत असतील तर गोळीने खूण झाकली जाऊन निदान लांबते.

बंगळुरूतील एका ओळखीच्या शत्रूवर मात्र ही गोळी फारशी चालत नाही. गाजर गवत किंवा काँग्रेस गवत १९५० च्या दशकात पुण्यात ठळकपणे नजरेस आले आणि पुढे कर्नाटकातही पसरले. त्याचा बंदोबस्त करण्यासाठी मेक्सिकोतून आणलेले भुंगेरे १९८४ मध्ये बंगळुरू परिसरात सोडण्यात आले. या गवताच्या स्पर्शाने होणारा त्वचाविकार हिस्टामिनमुळे नव्हे, तर शरीराच्या दोन-तीन दिवसांनी उमटणाऱ्या वेगळ्या प्रतिक्रियेमुळे होतो. गोळीने रात्री झोप लागते, खाज थोडी विसरली जाते. चट्टे मात्र राहतात. त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञाकडेच जावे लागते. दम्यावरही अँटिहिस्टामिन हा उपचार नाही.

भारतीय औषध नियमांच्या ‘जी’ अनुसूचीत ही औषधे येतात आणि वैद्यकीय देखरेखीशिवाय ती घेणे धोक्याचे आहे, अशी सूचना त्यांच्या वेष्टनावर असावी लागते. प्रोमेथाझिनचे इंजेक्शन तर घरगुती ओळखीवर घेण्याची वस्तूच नव्हे. ते चुकून रोहिणीत गेल्यास ऊती सडतात. अमेरिकेतील डायना लेव्हिन या संगीतकार महिलेला २००० साली अशाच घटनेत हात गमवावा लागला आणि त्यांच्या बाजूने तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये निर्णय दिला.

गांधीलमाशी चावल्यावर, शेंगदाणे किंवा एखादे औषध पोटात गेल्यावर ओठ-जीभ सुजणे, घसा आवळणे, श्वास लागणे किंवा भोवळ येणे अशी लक्षणे दिसली, तर अॅलर्जीच्या गोळीचा परिणाम होण्याची वाट पाहू नये. त्या वेळी अॅड्रेनालिनचे इंजेक्शन हाच पहिला उपचार असून, रुग्णाला आडवे ठेवून तत्काळ जवळच्या रुग्णालयात हलवावे किंवा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.