तिच्यावरचं गाणं, तिच्याच सुरात

'फ्लीटवुड मॅक' या बँडचं 'गो युअर ओन वे' हेडफोन लावून ऐकताना मी लिंडसे बकिंगहॅमचा मुख्य आवाज सोडून मागच्या सुरांकडे कान देतो. तिथे बँडमधलीच स्टीव्ही निक्स गाते आहे. गाणं तिच्यावरच आहे आणि त्यात तिला झोंबणारा एक आरोप आहे. ती ओळ काढ, असं तिने त्याला सांगून पाहिलं. त्याने काढली नाही. तरी ती माइकसमोर उभी राहिली.

ध्वनिमुद्रणाच्या कामात एकमेकांशी न बोलणारे गायक मी पाहिले आहेत. वेगवेगळ्या वेळी बोलावलं की प्रत्येकाचा ट्रॅक मिळतो. पण दुसऱ्या आवाजात मिसळायचं तर श्वास कुठे घ्यायचा, शेवटचा स्वर कधी सोडायचा, हे त्याचं ऐकूनच ठरतं. दुखावलेल्या माणसाला तेच सगळ्यात जड जातं. म्हणून निक्सचा तो मागचा सूर मला फार मोठा वाटतो.

१९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॉसालिटोच्या 'रेकॉर्ड प्लांट'मध्ये 'रूमर्स' हा अल्बम घडत होता, तेव्हा बकिंगहॅम आणि निक्स या प्रेमी जोडप्याचं फाटलं होतं. बँडमधल्याच जॉन आणि क्रिस्टीन मॅकव्हींचा संसार मोडला होता. ड्रमर मिक फ्लीटवुडच्या घरीही धड नव्हतं. क्रिस्टीनने नव्या प्रियकरावर 'यू मेक लव्हिंग फन' लिहिलं आणि त्यावर बास वाजवला जॉनने. गाणं कुत्र्यावर आहे, असं तिने त्याला सांगितलं होतं.

बकिंगहॅम हट्टी होता, पण कानाचा पक्का. निक्सचं 'ड्रीम्स' जेमतेम दोन कॉर्डवर चालतं. एवढ्याशा गोष्टीवर गाणं कंटाळवाणं होऊ शकलं असतं. त्याने प्रत्येक भागाला वेगळा रंग दिला. आपल्याच ताटातुटीवरचं तिचं गाणं त्याने असं मन लावून सजवलं आणि १९७७ मध्ये अमेरिकेत ते पहिल्या क्रमांकावर गेलं. 'द चेन' तर टेपचे तुकडे कापून जोडलेलं गाणं. या अल्बममध्ये पाचही जणांची नावं गीतकार म्हणून आहेत ती फक्त त्यावर.

बिनसलं ते 'सिल्व्हर स्प्रिंग्ज'वर. निक्सचं हे लांब, संथ गाणं तबकडीच्या बाजूवर मावत नाही म्हणून गाळलं. जागेची अडचण खरी होती. एलपीवर वेळ वाढवला की आवाज दबतो. पण तिच्यासाठी ते जिवाचं गाणं होतं, आणि ते गेलं 'गो युअर ओन वे'च्या सिंगलच्या मागच्या बाजूला.

प्रेम तुटलं तेव्हा निक्सने बँड सोडला नव्हता. १९९१ मध्ये तिच्या स्वतःच्या गाण्यांच्या संग्रहात 'सिल्व्हर स्प्रिंग्ज' घ्यायला फ्लीटवुडने नकार दिला, तेव्हा ती बाहेर पडली. माझ्या मते बँड फुटतात ते इथे, गाण्यावर कोणाचा शब्द चालणार या प्रश्नावर.