ताडीचे मडके आणि सरकारची तिजोरी

पेण किंवा रोहा येथील एखाद्या बिअरच्या दुकानातील काचेच्या थंड कपाटाकडे क्षणभर पाहिले, तरी युरोपच्या भूगोलाची छोटीशी उजळणी होते. ‘बडवायझर’ हे नाव बोहेमियातील एका गावाच्या जर्मन नावावरून आलेले. ‘होगार्डन’ हे बेल्जममधील खेडे. बाटलीवर कधी कधी बारीक अक्षरांत दिसणारा ‘पिल्सनर’ हा शब्द झेक प्रदेशातील प्ल्झेन शहराचा. तेथे १८४२ मध्ये तयार झालेली सोनेरी, पारदर्शक बिअर पुढे साऱ्या जगाने उचलली. बाटली भारतात भरली जाते. पण तिच्यावरचे गाव परदेशातलेच असते. महाविद्यालयातून नुकता बाहेर पडलेला तरुण ही नावे सहज सांगतो. खाडीकाठच्या झाडाकडे बोट दाखवून मात्र त्याला विचारावे, की ताडी, माडी आणि शिंदी यांत फरक कोणता? बहुधा उत्तर मिळणार नाही.

हा फरक साधा आहे. ताडाची ती ताडी, माडाची ती माडी, शिंदीच्या झाडाची ती शिंदी. भंडारी दिवसातून दोनदा झाडावर चढतो, पोय पातळ छाटतो आणि तिच्याखाली मडके बांधतो. पहाटे उतरवलेला रस गोड असतो, तीच नीरा. ऊन चढू लागले की ती आपोआप आंबू लागते आणि तिच्यात चार ते सहा टक्के मद्यार्क तयार होतो. दुसऱ्या दिवशी ती आंबट होते आणि पुढे तिचा शिरका बनतो. म्हणजे हे पेय ज्या गावात उतरले त्याच गावात आणि त्याच दिवशी संपवावे लागते. त्याला साठवण नाही, लांबची वाहतूक नाही, आणि म्हणूनच मोठा व्यापारीही नाही. अर्थशास्त्राच्या दृष्टीने ताडीचा सर्वांत महत्त्वाचा गुणधर्म हाच, आणि तिच्या दुर्दैवाचे मूळही येथेच आहे.

जगभरच्या मद्यपानाच्या रीती पाहिल्या तर एक गोष्ट स्पष्ट होते. लोकांचे आवडते पेय हे त्यांच्या शेतातल्या पिकातून निघते. ते टिकते की जाते, हे मात्र राजाच्या कायद्यावर ठरते. बव्हेरियात १५१६ मध्ये बिअरविषयीचा प्रसिद्ध कायदा झाला. बिअरमध्ये बार्ली, हॉप्स आणि पाणी याखेरीज काही नसावे, असे त्याने ठरवले. शुद्धतेचा कायदा म्हणून त्याचे कौतुक होते. परंतु त्याच कायद्याने बिअरचे भावही बांधून दिले होते, आणि गहू पावासाठी राहावा हा हिशेबही त्यामागे होता. पुढे गव्हाची बिअर करण्याचा हक्क सरदार-राजघराण्यांनी आपल्याकडे ठेवून त्यावर चांगला पैसा मिळविला. जपानने १८९९ मध्ये घरोघरी साके करण्यास मनाई केली. कारण त्या काळी मद्यावरील कर हा जपानी सरकारच्या उत्पन्नाचा मोठा आधार बनला होता. दक्षिण आफ्रिकेत नाताळच्या १९०८ च्या कायद्याने ज्वारीच्या बिअरची मक्तेदारी नगरपालिकांकडे गेली. घरी बिअर करणाऱ्या आफ्रिकी स्त्रिया गुन्हेगार ठरल्या आणि डर्बनच्या नगरपालिकेच्या बिअरगृहांतून मिळालेल्या नफ्यावर त्याच लोकांवरील प्रशासनाचा खर्च भागू लागला. १९५९ मध्ये डर्बनच्या स्त्रियांनी या बिअरगृहांवर मोर्चे नेले, ते केवळ दारूविरोधाने नव्हेत. त्यांची चूल आणि त्यांचे उत्पन्न, दोन्ही त्या कायद्याने हिरावले होते.

तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्याचा इतिहास याच माळेतील आहे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने झाडागणिक कर आणि परवाना यांची पद्धत घट्ट केली आणि दारू गाळण्याचे काम गावोगावच्या भट्ट्यांतून काढून मोजक्या मध्यवर्ती भट्ट्यांत एकवटले. चार्ल्स प्रिचर्ड हे या व्यवस्थेचे प्रमुख शिल्पकार. उरण येथील भट्ट्यांत मोहाची दारू गाळली जाई. त्यासाठी लागणारी फुले गुजरातेतील पंचमहालासारख्या दूरच्या मुलखातून येत. इकडे उत्तर कोकणातील आदिवासींसाठी मोहाचे फूल केवळ दारूचे साधन नव्हते. टंचाईच्या महिन्यांत ते अन्नही होते. तरीही १८९२ च्या कायद्याने ठाणे व कुलाबा या दोन जिल्ह्यांत मोहफुलांची आयात, विक्री आणि साठवण सरकारी नियंत्रणाखाली आणली. आपल्याच रानातले फूल घरात ठेवणे हा गुन्हा ठरू लागला, आणि लांबून आणलेल्या त्याच फुलाची गाळलेली दारू सरकारमान्य दुकानात विकत घेणे हा सभ्य व्यवहार ठरला!

यामागील तर्क समजण्यास कठीण नाही. हजारो झाडांवर रोज उतरणाऱ्या आणि रोज नासणाऱ्या रसावर कर बसवणे हे खर्चाचे आणि कटकटीचे काम. भट्टीच्या फाटकातून मोजून बाहेर पडणाऱ्या कडक दारूवर कर घेणे सोपे. जे मोजता येते त्याला शासन जवळ करते. जे मोजता येत नाही ते दडपले जाते. पाच टक्क्यांच्या पेयाकडून चाळीस टक्क्यांच्या पेयाकडे गोरगरिबांचा जो प्रवास झाला, त्याला केवळ पिणाऱ्याचा मोह कारणीभूत नव्हता. करवसुलीच्या सोयीने ती वाट आखून दिली होती.

त्या काळच्या लोकनेत्यांना हे दिसत नव्हते असे नाही. १८८० मध्ये पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुले यांनी वाढत्या दारू दुकानांविरुद्ध आवाज उठवला. १९०८ मध्ये टिळकांच्या नेतृत्वाखाली पुण्यात दारूच्या दुकानांवर निरोधन झाले. सरकार आपल्या तिजोरीसाठी प्रजेला दारू पाजते, हा त्यांचा आक्षेप खराच होता. स्वातंत्र्यानंतर याच भावनेतून १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु बंदीने ताडी आणि स्पिरिट यांना एकाच मापाने मोजले. ताडाचे झाड लपवता येत नाही. काळा गूळ आणि नवसागर मात्र कोठेही लपवता येतो. परिणामी मडके उतरले आणि हातभट्टी पेटली. साठच्या दशकापासून बंदी सैल होत गेली, पण मोडलेली सवय परत आली नाही. आज ताडीच्या नावाने जे विकले जाते त्यात क्लोरल हायड्रेटसारखी रसायने मिसळल्याची प्रकरणे राज्यात वारंवार उघडकीस आली आहेत. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईतील मालवणी येथे मिथाइल अल्कोहोलयुक्त दारूने शंभरावर माणसे मेली. ती सारी कष्टकरी वस्तीतली होती.

इंग्लंडने हा धडा अठराव्या शतकातच घेतला होता. स्वस्त जिनने लंडनची गरीब वस्ती पोखरली तेव्हा १७३६ मध्ये सरकारने जिनवर जबर कर आणि परवाना-शुल्क लादले. लोकांनी कायदा धाब्यावर बसवला आणि चोरटी विक्री वाढली. पुढे १७५१ मध्ये विक्रीवर अधिक व्यवहार्य बंधने आली. त्याच वर्षी हॉगार्थ या चित्रकाराने दोन चित्रे प्रसिद्ध केली. एकात बिअर पिणारी धडधाकट गल्ली, दुसऱ्यात जिनने उद्ध्वस्त झालेली. बिअरची ती स्तुती आज कोणी जशीच्या तशी मान्य करणार नाही. बिअरनेही संसार बुडतात. तथापि मद्य आणि मद्य यांत फरक असतो, हे त्या चित्रांना कळले होते. आपल्या करपद्धतीला ते अजून पुरते कळलेले नाही.

साधा हिशेब करून पाहावा. आठ टक्क्यांच्या कडक बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीत ५२ मिलिलिटर शुद्ध मद्यार्क असतो. पाच टक्क्यांची एक लिटर ताडी प्यायली तरी तो ५० मिलिलिटरच भरतो. १८० मिलिलिटरच्या ‘क्वार्टर’मध्ये ४२.८ टक्क्यांच्या हिशेबाने तो ७७ मिलिलिटर होतो. भारतात खपणाऱ्या बिअरचा मोठा हिस्सा कडक बिअरचा आहे. बव्हेरियातील किंवा प्ल्झेनमधील माणूस गप्पांसाठी पेला घेऊन बसतो. येथे पुष्कळसे ग्राहक छापलेली टक्केवारी पाहून बाटली निवडतात. नावे त्यांची घेतली, रीत मात्र घेतली नाही.

याची झळ कोणाला बसते, हे पेण तालुक्यातील वीटभट्ट्यांवर दिसते. पावसाळा सरला की कातकरी कुटुंबे उचल घेऊन भट्टीवर जातात. कातकरी ही राज्यातील तीन आदिम जमातींपैकी एक. काताच्या धंद्यावरून तिला नाव मिळाले, आणि तो धंदाही जंगलाबरोबर गेला. हंगामभर आठवड्याला मिळते ती केवळ खर्ची. हिशेब होतो तो शेवटी. त्या खर्चीतले काही रुपये दारूवर गेले की उचल फिटत नाही आणि पुढल्या वर्षीचे श्रम आधीच गहाण पडतात. पूर्वी सणाला, लग्नाला, पहिले थेंब जमिनीला अर्पण करून मग चारचौघांत पिण्याची रीत या समाजांत होती. त्या रीतीत मर्यादाही होती; कारण पेय ठरावीक वेळीच मिळे आणि ते सर्वांसमोर प्यावे लागे. बाटलीला ऋतू नाही, आणि सोबतीची गरजही नाही.

राज्याची तिजोरी या प्रश्नात आजही तटस्थ नाही. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा पिण्याचे मद्य त्याच्या बाहेर ठेवले गेले. राज्यांच्या हाती उरलेल्या मोजक्या करांत ते मोलाचे ठरले. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये बिअरवरील शुल्काचा फेरविचार करण्यासाठी महाराष्ट्र शासनाने अभ्यासगट नेमला. शुल्क वाढल्यावर खप आणि महसूल घटल्याची चिंता त्यामागे होती. चिंता रास्त असेलही. परंतु मद्याच्या धोरणाची सुरुवात महसुलापासून झाली की तिचा शेवट कोठे होतो, हे कुलाबा जिल्ह्याने १८७८ नंतर पाहिले आहे.

मार्ग एकदम सापडणार नाही. तरी काही गोष्टी करण्याजोग्या आहेत. कर बाटलीवर वा किमतीवर नव्हे, तर आतील मद्यार्कावर असावा, म्हणजे सौम्य पेय आपोआप स्वस्त आणि कडक पेय महाग होईल. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. अलिबाग-रेवदंड्याच्या माडीचा आणि नीरेचा विचार तपासणी आणि सहकार यांच्या आधारे व्हायला हरकत नाही. आणि मद्यावरील शुल्काचा एक निश्चित भाग ज्या तालुक्यांतून तो गोळा होतो तेथेच व्यसनमुक्तीसाठी आणि भट्टीवरील मुलांच्या शाळेसाठी खर्च व्हावा.

यातले काहीही झाले तरी दारू ही दारूच राहील, आणि न पिणारा माणूस सर्वांत शहाणा, हे म्हणणेही खरेच राहील. परंतु जो पिणारच आहे त्याने काय प्यावे, हे आजवर गावाने क्वचितच ठरवले. ते आधी मुंबईच्या कचेरीने ठरवले आणि आता जाहिरात ठरवते. खाडीच्या बांधावर ताड अजून उभा आहे. त्याच्यावर मडके नाही. त्याच्या सावलीत मात्र रिकाम्या बाटल्या पडलेल्या असतात, आणि त्यांच्यावर दूरदेशीच्या गावांची नावे असतात.