सांध्यांची सूज आणि अंगाचा ठणका

सोयाबीनची सोंगणी उरकून कपाशीची वेचणी सुरू झाली, की माझ्या दवाखान्यात अंगदुखीच्या रुग्णांची रांग वाढते. त्यातल्या बहुतेकांचे दुखणे श्रमाचे असते व आठ-दहा दिवसांत जाते. जे महिनोन्महिने हटत नाही, त्याला आपल्याकडे घाटावर काय नि घाटाखाली काय, सरसकट 'वात' म्हणतात आणि सर्वांना एकच गोळी, एकच इंजेक्शन चालते असे धरून चालतात. घोटाळा येथेच होतो. या एका नावाखाली निदान दोन अगदी वेगळे आजार येतात.

पहिला आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. यात शरीराची रोगप्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उलटते. हाताच्या बोटांचे सांधे, मनगटे, पावलांचे सांधे बहुधा दोन्ही बाजूंना सुजतात. सकाळी तास-तासभर बोटे आखडलेली राहतात, भाकरी थापता येत नाही आणि काम करता करता दुपारपर्यंत हात मोकळे होतात. सहा आठवड्यांहून अधिक काळ असे चालले, तर थांबू नये. उपचार न झाल्यास सांधा आतून पोखरला जातो आणि वाकडे झालेले बोट औषधाने सरळ होत नाही.

पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने घरोघर जाऊन पाहणी सुरू केली. तपासलेल्या ४०९२ प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के लोकांना सांधे-स्नायूंचे दुखणे होते. आमवात मात्र अर्ध्या टक्क्याच्या आसपास. म्हणजे २०० माणसांत ३६ दुखणेकरी आणि त्यात आमवाताचा एक! बाकीच्या पस्तीस जणांना आमवाताची औषधे नकोत, पण तो एक सुटता कामा नये. केवळ रक्तातील 'आर. ए. फॅक्टर' पाहून हा निवाडा होत नाही. तो निरोगी माणसातही कधी सापडतो व आजार असूनही कधी सापडत नाही. सुजलेला सांधा हाताने चाचपून पाहणे अजूनही महत्त्वाचे आहे.

दुसरा आजार फायब्रोमायल्जिया. याला रुळलेला मराठी शब्द नाही. मान, खांदे, पाठ, कंबर, मांड्या, सगळे अंग ठणकते. रात्रभर झोपूनही थकवा जात नाही, विसरायला होते. पुरुषांनाही होतो, पण स्त्रियांत जास्त आढळतो. रक्त, एक्स-रे सगळे नॉर्मल येते आणि मग घरची मंडळी म्हणतात, 'हिला काही झालेलं नाही, कामाचा कंटाळा!' हे ऐकून माझ्यासमोर रडलेल्या बायका मी पुष्कळ पाहिल्या आहेत. वेदना खोटी नसते. वेदनेची खबर मेंदूपर्यंत नेणारी यंत्रणा अति हळवी झालेली असते. राखणीचे कुत्रे पानाच्या सळसळीलाही भुंकावे, तसे. पूर्वी अंगावरच्या १८ ठरावीक जागा दाबून त्यातल्या ११ दुखल्या तर निदान करीत. २०१० पासून झोप, थकवा व दुखण्याचा पसारा यांवर भर देतात.

आता उपचार. आमवातात मेथोट्रेक्सेट हे मुख्य औषध. त्याचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात, आणि ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. रोज घेतल्यास जिवावर बेतते. मी रुग्णांना गावच्या आठवडी बाजाराचा दिवस ठरवून देतो, तो कोणी विसरत नाही. सोबत फॉलिक ॲसिड, ठरावीक काळाने रक्त व यकृताची तपासणी, आणि दारू बंद. मूल हवे असेल तर आधी डॉक्टरांना सांगावे. गरोदरपणात हे औषध चालत नाही.

फायब्रोमायल्जियात डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्यांचा फारसा उपयोग नाही. वर्षानुवर्षे घेतल्या तर जठराला व्रण आणि मूत्रपिंडाला इजा तेवढी होते. रात्री अल्प मात्रेत ॲमिट्रिप्टिलिन काहींना उपयोगी पडते, पण खरा आधार चालण्याचा व झोपेचा. 'दिवसभर शेतात राबतो, आणखी काय चालायचं?' असे मला हमखास ऐकवले जाते. वाकून वेचणी करताना तेच ते स्नायू ताणले जातात. ताठ, मोकळे चालणे वेगळे. दहा मिनिटांपासून सुरुवात करावी व दर आठवड्याला दोन-तीन मिनिटे वाढवावीत. बरे वाटले त्या दिवशी साचलेले सगळे काम उरकू नये, नाहीतर पुढचे दोन दिवस अंथरुणात जातात. शेगावला पायी जाण्याचा नवस असेल, तर दोन महिने आधीपासून सराव करावा.

काही जणांना दोन्ही आजार एकत्र असतात. आमवाताची सूज ओसरली, रक्त सुधारले, तरी अंग ठणकतच राहते. अशा वेळी औषध वाढवण्याआधी दुसऱ्या आजाराचा विचार व्हायला हवा.

जडीबुटी म्हणून मिळणाऱ्या पुड्यांबद्दल एका वाचक भगिनीने पत्रातून विचारले आहे. दोन दिवसांत जादूसारखा आराम पडला, तर त्यात स्टेरॉइड असण्याची शंका घ्यावी. पुढे चेहरा सुजतो, साखर व रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात. मात्र बरेच दिवस घेतलेली अशी पुडी एकदम बंद करणेही धोक्याचे असते. ती घेऊनच डॉक्टरांकडे जावे, लपवू नये. बटाटा, वांगे, दही सोडण्याने यातला कोणताही आजार बरा होत नाही, विडी-तंबाखू सोडावी.

सांधे सुजलेले असतील त्यांनी जिल्हा रुग्णालयात, अथवा अकोल्याच्या वा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दाखवावे. जाताना जुने कागद न्यावेत. सकाळी बोटे किती वेळ आखडतात, हे आठवडाभर घड्याळ लावून वहीत लिहून ठेवावे. तपासणाऱ्याला त्याची फार मदत होते.