आतड्याचे अस्तर : शरीराच्या वेशीवरील पहारा

प्रतिकारशक्तीचा विषय निघाला की बहुतेकांना औषधाची बाटली किंवा इंजेक्शन आठवते. कोरोनाच्या साथीनंतर तर ‘इम्युनिटी’ वाढविणारी चूर्णे व काढे गावोगावच्या दुकानांत येऊन पोहोचले. परंतु रोगाशी लढणाऱ्या पेशींचा शरीरातील एक मोठा साठा आपल्या आतड्यांच्या भिंतीत असतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. या भिंतीचे आरोग्य कशावर अवलंबून असते आणि आपल्याच जिल्ह्यातील जामखेडने त्याबाबत काय शिकविले, हे आम्ही येथे वाचकांपुढे मांडीत आहोत.

आतड्याच्या आतील बाजूस जे अस्तर असते, ते केवळ एका पेशीच्या जाडीचे असते. त्यातील पेशी तीन ते पाच दिवसांत झडतात व नव्या पेशी त्यांची जागा घेतात. शेजारशेजारच्या पेशी घट्ट सांध्यांनी जोडलेल्या असतात व त्यांच्यावर बुळबुळीत पदार्थाचा थर पसरलेला असतो. या अस्तराला दोन परस्परविरोधी कामे एकाच वेळी करावी लागतात : अन्नरस आत घ्यायचा आणि अन्नाबरोबर आलेले जंतू बाहेर ठेवायचे. गावाच्या वेशीवरील पहारेकऱ्याने पाहुण्याला वाट द्यावी व चोराला अडवावे, तसेच हे काम आहे. अस्तराच्या मागे संरक्षक पेशींचे पुंजके असतात. त्या जंतूंची ओळख करून घेतात आणि त्यांना रोखणारी प्रतिपिंडे आतड्यात सोडतात.

मोठ्या आतड्यात राहणारे असंख्य उपकारक जीवाणू या कामी साहाय्य करतात. भाकरी, कडधान्ये व भाज्यांतील जो चोथा आपल्याला पचत नाही, तो हे जीवाणू आंबवितात. त्यातून तयार होणारी ब्युटिरिक आम्लासारखी द्रव्ये अस्तराच्या पेशींचे अन्न होतात आणि संरक्षक पेशींचा अनावश्यक भडका आवरून धरतात. चोथाच पोटात गेला नाही, तर जीवाणूंची उपासमार होते व अस्तर दुबळे पडते.

दुबळ्या अस्तराचे सांधे सैल होतात आणि जंतूंच्या कवचाचे अंश रक्तात शिरू लागतात. संरक्षक पेशी त्यांच्याशी रात्रंदिवस झुंजत राहतात. बाहेरून ताप दिसत नाही, परंतु आत मंद आग धुमसत असते. यालाच जुनाट दाह म्हणतात. लठ्ठपणा, मधुमेह व यकृताचे काही विकार यांच्याशी या दाहाचा संबंध आढळला आहे. मात्र त्यात कारण कोणते व परिणाम कोणता, याचा उलगडा अद्याप पूर्णपणे झालेला नाही.

लहान मुलांच्या बाबतीत हे चित्र अधिक गंभीर आहे. दूषित पाणी व उघड्यावरील घाण यांमुळे जंतू वारंवार पोटात जात राहिले, की अस्तरावरील बोटांसारखे बारीक उंचवटे झिजून आखूड होतात. जुलाब नसतानाही ही झीज चालूच असते. मूल जेवते, पण अंगी लागत नाही आणि त्याची उंची खुंटते. हा दोष जन्मजात नाही. १९६० च्या दशकात पाकिस्तानात राहिलेल्या अमेरिकन स्वयंसेवकांच्या आतड्यांतही असे बदल आढळले होते आणि मायदेशी परतल्यावर ते हळूहळू भरून आले.

तोंडावाटे दिल्या जाणाऱ्या लशींचा प्रभाव आपल्याकडे कमी पडतो, त्याचे एक कारण हेच मानले जाते. भारतात तयार झालेल्या रोटाव्हॅक लशीने पहिल्या वर्षात गंभीर रोटाव्हायरस जुलाबांपासून सुमारे ५६ टक्के संरक्षण दिले, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. संपन्न देशांत अशा लशींपासून ८५ टक्क्यांहून अधिक संरक्षण मिळते. तरीही ही लस असंख्य बालकांना वाचविते. ती चुकवू नये.

आता जामखेडकडे वळू. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० मध्ये तेथे काम सुरू केले. त्या काळी तेथील खेड्यांत हजार जन्मांमागे सुमारे १७६ बालके वर्षाच्या आत दगावत. आरोळे दांपत्याने प्रथम पाण्याकडे लक्ष दिले. कूपनलिका खोदताना त्या दलित वस्तीत घेण्याचा आग्रह धरला, म्हणजे शुद्ध पाण्यासाठी साऱ्या गावाला तेथेच यावे लागेल. गावातील अल्पशिक्षित व निरक्षर स्त्रियांना त्यांनी आरोग्य सेविका म्हणून तयार केले. मीठ-साखरेचे पाणी, स्तनपान, लसीकरण व पूरक आहार या गोष्टी या स्त्रियांनी घरोघरी पोहोचविल्या. नव्वदच्या दशकात बालमृत्यूचे प्रमाण हजारी तिसाच्या खाली आले. या दांपत्याला १९७९ मध्ये रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

‘आतड्याचे अस्तर’ हे शब्द न उच्चारताही त्या सेविका त्याचेच रक्षण करीत होत्या. एकट्यादुकट्या उपायाने मात्र हे साधत नाही. पाणी, शौचालय व हात धुणे यांच्या साध्या सोयींनी बालकांची वाढ सुधारते काय, हे बांगलादेश व केनियात पाहिले गेले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार केवळ तेवढ्याने उंचीत फरक पडला नाही. घाण साऱ्या वस्तीची असेल, तर एका घराचा साबण पुरत नाही.

घरी करण्याजोगे उपाय साधेच आहेत. बाळाला जन्मतःच चीक पाजावा व सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे. जुलाब लागताच एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालून ते थोडे थोडे पाजावे, आणि चौदा दिवसांच्या झिंकच्या गोळ्यांविषयी आरोग्य सेविकेला विचारावे. मोठ्यांनी ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकी, हुलगा, पालेभाजी व ताक सोडू नये. प्रतिजैविके व वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेऊ नयेत, कारण पहिल्या जीवाणूंना मारतात व दुसऱ्या अस्तराला जखमी करतात. मद्यही अस्तराचे वैरीच. शौचात रक्त पडणे, वजन घटणे किंवा दीर्घकाळ जुलाब होणे अशी लक्षणे दिसल्यास घरगुती उपायांत वेळ दवडू नये.

‘आतडे गळते’ असे सांगून महागडी पुडी विकणाऱ्यांपासून वाचकांनी सावध राहावे. तेच पैसे डाळ-भाजीला लावावेत. आणि ग्रामसभेत पाण्याच्या टाकीचा विषय निघेल त्या दिवशी घरी बसू नये. आपल्या लेकरांच्या प्रतिकारशक्तीचा निर्णय तेथेही होत असतो.