रुग्णालयाच्या कारभाराचें शिक्षण : नोकरी सोडून कीं नोकरींत राहून?

गेल्या महिन्यांत माझी एक जुनी विद्यार्थिनी आपल्या भाच्यास घेऊन घरीं आली. ती अकरा वर्षें एका रुग्णालयांत परिचारिका आहे. भाचा यंदाच औषधनिर्माणशास्त्राचा पदवीधर झाला. दोघांनाहि रुग्णालय-व्यवस्थापनाचें उच्च शिक्षण घ्यावयाचें आहे. "मास्तर, दोन वर्षें सर्व सोडून शिकावें, कीं नोकरी सांभाळून?" असा तिचा प्रश्न. मी केवळ मॅट्रिक. तथापि माहितीपत्रक बारकाईनें वाचण्याची संवय शाळेनें लाविली आहे. तिच्या बळावर बोलतों.

ही विद्या वैद्यकाची नव्हे, कारभाराची आहे. अमेरिकेंत शिकागो विद्यापीठानें १९३४ सालीं तिचा पदव्युत्तर अभ्यासक्रम काढला. आपल्याकडे मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था ती शिकवीत आली आहे. तींत काय शिकवितात, तें एका हिशेबानें सांगतों. रुग्णालयांत १०० खाटा आहेत. ३० दिवसांच्या महिन्यांत ३००० खाट-दिवस झाले. पैकीं २४०० दिवस खाटांवर रोगी होते, म्हणजे वापर शेंकडा ८०. असें असूनहि सकाळीं नवा रोगी दारांत ताटकळतो. कां? तर बऱ्या झालेल्या रोग्याचे कागद व बिल दुपारपर्यंत तयार होत नाहींत! हा गुंता सोडविणें, त्यासाठीं माणसें, पैसा, औषधें व कायदा यांची सांगड घालणें, हा या विद्येचा गाभा होय.

आतां पाहा, हा गुंता आमच्या परिचारिकेनें अकरा वर्षें डोळ्यांनीं पाहिला आहे. रात्रीं शिकलेला धडा ती सकाळीं आपल्याच कक्षांत ताडून पाहील. नोकरदारांचा अभ्यासक्रम अशांसाठींच असतो; तेथें नोकरी हीच प्रयोगशाळा. भाच्याजवळ ती प्रयोगशाळाच नाहीं. त्याला पूर्णवेळ शिक्षणच हितावह, कारण त्यांत निरनिराळ्या रुग्णालयांत उमेदवारी करावी लागते, व पुढें नोकरी मिळविण्यासहि संस्थेचें साह्य होतें.

पैशाचें गणित तर उघडच आहे. समजा, पगार दरमहा ४० हजार. दोन वर्षें घरीं बसल्यास ९ लाख ६० हजार गेले, फी निराळी. भाच्याचा पगार अद्याप सुरूच झालेला नाहीं, म्हणून त्याचें नुकसान त्या मानानें थोडें.

परंतु एका गोष्टीकडे माझ्या विद्यार्थिनीचें लक्षच गेलें नव्हतें. मिनेसोटा विद्यापीठांत दोन्ही मार्गांनीं जाणाऱ्यास एकच पदवी मिळते. आपल्याकडे नोकरदारांचा अभ्यासक्रम पुष्कळदां वर्षभराचा असून त्याच्या अखेरीस पदवी नव्हे, पदविका हातीं पडते. जाहिरातींत हे दोन्ही शब्द सारख्याच ठशांत छापलेले असतात! ज्या जागेवर तिचा डोळा आहे, तिला पदवी लागते कीं पदविका पुरते, हें तिनें आधीं रुग्णालयाच्या कार्यालयांत विचारावें, असें मीं सांगितलें. दुसरें, असा अभ्यासक्रम घरबसल्याचा नसतो. मधून मधून कांहीं दिवस वर्गांत हजर राहावें लागतें. त्या रजेची मंजुरी लेखी घ्यावी. तीन पाळ्यांच्या नोकरींत तोंडी होकार पहिल्याच साथीच्या दिवसांत विरून जातो.

"आणि मुलांचें?" तिनें विचारलें. तिचीं दोन मुलें शाळेंत आहेत. त्याचें उत्तर मजजवळ नव्हतें. तिच्या सासूबाईंजवळ होतें, व तें अनुकूल निघालें. भाच्यानें प्रवेशपरीक्षेचा अर्ज भरला आहे. तिचा अर्ज टेबलावर आहे. रजेचें पत्र अजून आलेलें नाहीं.