सॉफ्टवेअरच्या इंटरफेसमधील बदल आणि दृष्टिहीन वापरकर्ते

सॉफ्टवेअरच्या इंटरफेसमधील बदल म्हणजे संगणक, मोबाइल किंवा संकेतस्थळ यांवरील बटणे, याद्या, रकाने, त्यांची नावे आणि त्यांचा क्रम यांत नव्या आवृत्तीबरोबर होणारे फेरफार होत. दृष्टिहीन वापरकर्ते पडद्यावरील मजकूर 'स्क्रीन रीडर' या सॉफ्टवेअरच्या साहाय्याने ऐकतात किंवा ब्रेल पट्टीवर बोटांनी वाचतात. त्यामुळे अशा बदलांचा त्यांच्यावर होणारा परिणाम डोळस वापरकर्त्यांपेक्षा वेगळा असतो. डोळसांना मोठा वाटणारा बदल दृष्टिहीनांना जाणवतही नाही, तर डोळसांच्या लक्षात न येणारा बदल दृष्टिहीनांचे काम पूर्ण थांबवू शकतो.

हे बदल उपकारक की त्रासदायक, या प्रश्नाचे उत्तर बदलाच्या आकारावर अवलंबून नसते. पडद्यावरील प्रत्येक घटकाचे नाव, प्रकार व स्थिती स्क्रीन रीडरपर्यंत पोहोचते का, कळफलकावरून किंवा स्पर्शाने ठरलेल्या क्रमाने तेथे जाता येते का आणि सवयीचा मार्ग मोडण्यापूर्वी नवा मार्ग उपलब्ध होतो का, यांवर ते ठरते. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात दृष्टिदोष असलेल्या अपंग व्यक्तींची संख्या सुमारे ५० लाख होती. बँक, शिधावाटप, शिक्षण व आरोग्य यांसंबंधीच्या सेवा ऑनलाइन होऊ लागल्यापासून हा प्रश्न केवळ सोयीचा न राहता स्वावलंबनाचा झाला आहे.

स्क्रीन रीडरचे कार्य

स्क्रीन रीडर पडद्याचे चित्र पाहत नाही. तो संगणकप्रणालीकडून पडद्यावरील घटकांची माहिती घेतो आणि ती कृत्रिम आवाजात उच्चारतो. बटणाच्या बाबतीत तीन गोष्टी आवश्यक असतात: त्याचे नाव (उदाहरणार्थ, 'पैसे पाठवा'), त्याचा प्रकार (बटण, दुवा, रकाना) आणि त्याची स्थिती (निवडलेले, बंद, विस्तारित). ही माहिती प्रोग्रामरने लिहिलेली असेल तरच ऐकू येते. बटणावर केवळ चित्र असेल व त्याला नाव दिलेले नसेल, तर स्क्रीन रीडर 'नाव नसलेले बटण' अशा आशयाचे शब्द उच्चारतो. पडद्यावर अशी पाच बटणे असतील, तर पाचही सारखीच ऐकू येतात.

डोळस व्यक्तीला संपूर्ण पडदा एका दृष्टिक्षेपात दिसतो. ऐकणाऱ्याला तो एकामागून एक असा, ओळीने मिळतो. अनुभवी वापरकर्ते म्हणूनच शीर्षकावरून शीर्षकावर उडी घेतात, ठराविक कळा दाबतात किंवा हवे ते बटण कितव्या क्रमांकावर आहे हे लक्षात ठेवतात.

मनातील नकाशा

या सरावातून वापरकर्त्याच्या मनात प्रत्येक सॉफ्टवेअरचा एक नकाशा तयार होतो. इंटरफेस बदलला की हा नकाशा निरुपयोगी ठरतो. ही गोष्ट प्रत्यक्ष गावाच्या उदाहरणाने समजून घेता येते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात लातूर जिल्ह्यातील किल्लारी व आसपासची गावे उद्ध्वस्त झाली. त्यानंतर लातूर व तत्कालीन उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांतील ५२ गावांचे नव्या जागी पुनर्वसन करण्यात आले. जुन्या गावांतील दाट वस्ती व अरुंद बोळ जाऊन सरळ रस्ते व आखीव घरे आली. अशा नव्या वसाहतीत डोळस माणूस पाहून वाट काढतो. पावले, वळणे, भिंतीचा स्पर्श आणि आवाज यांवरून चालणाऱ्या व्यक्तीला मात्र नवे गाव अधिक सुरक्षित असूनही पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागते. बदल चांगला असणे आणि तो शिकण्याची किंमत मोजावी लागणे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात.

गावाचा नकाशा असा क्वचितच बदलतो. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती मात्र वर्षातून अनेकदा येते, आणि पुष्कळदा ती वापरकर्त्याला न विचारता आपोआप बसवली जाते.

इतिहास

डॉस प्रणालीच्या काळात पडद्यावर केवळ अक्षरे असत. ती संगणकाच्या स्मृतीतून थेट वाचता येत असल्याने स्क्रीन रीडरचे काम तुलनेने सोपे होते. 'जॉज' हा स्क्रीन रीडर १९८९ मध्ये डॉससाठी तयार झाला. पुढे चित्रे, खिडक्या व माउस यांवर आधारलेली विंडोज प्रणाली रूढ झाली, तेव्हा पडद्यावरील अक्षरे चित्रबिंदूंच्या रूपात उमटू लागली आणि जुनी पद्धत निकामी झाली. स्क्रीन रीडरना चित्र काढण्याच्या आज्ञा मधेच टिपून पडद्याची स्वतंत्र प्रतिकृती बनवावी लागली. जॉजची विंडोजसाठीची आवृत्ती १९९५ मध्ये आली. १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने सॉफ्टवेअरमधील घटकांची माहिती साहाय्यक साधनांना देणारी व्यवस्था उपलब्ध केली. अशा रीतीने प्रारंभी अडथळा ठरलेल्या बदलातून पुढे अधिक नेमकी माहिती मिळण्याचा मार्ग निघाला.

मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या २००७ च्या आवृत्तीत जुन्या मेन्यूंच्या जागी 'रिबन' ही नवी मांडणी आली. डोळस वापरकर्त्यांसाठी हे मोठे स्थित्यंतर होते. तथापि, जुन्या आवृत्तीतील ऑल्ट कळेवर आधारलेले अनेक कळक्रम नव्या आवृत्तीतही चालू ठेवण्यात आले, त्यामुळे ते पाठ असलेल्यांचा मार्ग एकदम बंद झाला नाही. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये पडद्यावरील 'स्टार्ट' बटण काढून टाकण्यात आले व त्यावर जगभर टीका झाली. पुढील वर्षी विंडोज ८.१ मध्ये ते परत आले. कळफलकावरील विंडोज कळ मात्र दोन्ही आवृत्त्यांत काम करत होती. जे बटण डोळसांसाठी नाहीसे झाले होते, ते बोटांच्या सवयीसाठी जागेवरच होते.

स्पर्शपडद्याचा मोबाइल हे या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे वळण होय. कळांच्या मोबाइलवर बोटांना प्रत्येक अंक सापडत असे. २००७ मध्ये आलेल्या आयफोनच्या गुळगुळीत काचेवर चाचपण्यासारखे काहीच नव्हते. २००९ मध्ये आयफोन ३जीएसवर 'व्हॉइसओव्हर' आणि अँड्रॉइडवर 'टॉकबॅक' हे स्क्रीन रीडर आले. बोट फिरवताच त्याखालील घटकाचे नाव उच्चारणे, एका बाजूला सरकवून पुढील घटकावर जाणे आणि दोनदा थाप देऊन तो निवडणे या हालचालींमुळे तीच काच वापरण्याजोगी झाली. चलनी नोट ओळखणे, छापील पत्र वाचून घेणे, रस्ता विचारणे ही कामे त्यामुळे एका साधनावर होऊ लागली. प्रारंभी दृष्टिहीनांना वगळणारे साधन योग्य बदलांनंतर त्यांच्या सर्वाधिक उपयोगाच्या साधनांपैकी एक बनले.

स्क्रीन रीडरची किंमत हाही मोठा अडसर होता. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या दृष्टिहीन प्रोग्रामरने 'एनव्हीडीए' या मोफत व मुक्त स्रोत स्क्रीन रीडरचे काम सुरू केले.

त्रासदायक ठरणारे बदल

अमेरिकेतील युटा राज्य विद्यापीठाशी संलग्न 'वेबएम' ही संस्था स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांची वेळोवेळी पाहणी करते. तिच्या अहवालांतील प्रमुख अडचणींत 'कॅप्चा' म्हणजे चित्रातील अक्षरे ओळखण्याची चाचणी सातत्याने आढळते. अनपेक्षितपणे बदलणारे पडदे किंवा पडद्याचे भाग यांचाही त्या यादीत समावेश आहे. सामान्यतः पुढील बदल त्रासदायक ठरतात:

• अक्षरी नावाच्या बटणाऐवजी केवळ चित्र येणे व त्याला नाव न देणे.
• बटणे किंवा रकाने यांचा क्रम पूर्वसूचनेविना बदलणे.
• कळफलकाने चालणारी यादी काढून केवळ माउसने ओढता येणारा घटक आणणे.
• जाहिरात किंवा सूचना अचानक उघडणे आणि वाचनाचे स्थान हरवणे.
• ठराविक सेकंदांत उत्तर न दिल्यास खात्यातून बाहेर काढले जाणे.
• अर्ज चुकल्याची खूण केवळ लाल रंगाने दाखवणे.

यांपैकी पहिला बदल विशेष फसवा असतो. पडदा पूर्वीसारखाच किंवा अधिक नीटनेटका दिसतो, म्हणून तयार करणाऱ्यांना चूक झाल्याचे कळतच नाही.

काही वेळा इंटरफेस तसाच राहतो, पण त्याला असलेला पर्याय बंद होतो. 'रेडिट' या संकेतस्थळाने २०२३ मध्ये बाहेरील ॲपसाठी शुल्क लागू केले. स्क्रीन रीडरशी अधिक सुसंगत अशी ॲप वापरणाऱ्या दृष्टिहीनांनी त्यास विरोध केला आणि कंपनीने सुलभतेसाठीच्या काही बिगर-व्यावसायिक ॲपना सूट दिली.

मराठी भाषेसंबंधीचे प्रश्न

मराठी मजकूर अनेक वर्षे विशिष्ट फॉन्टमध्ये टंकित केला जात असे. अशा मजकुरात पडद्यावर देवनागरी दिसे, परंतु संगणकात प्रत्यक्षात रोमन अक्षरे व चिन्हे साठवलेली असत. स्क्रीन रीडर ती चिन्हेच वाचत असल्याने निर्दोष मराठी परिच्छेद निरर्थक ध्वनींच्या रूपात ऐकू येई. युनिकोडचा स्वीकार झाल्यावर हा दोष नाहीसा झाला. डोळस वाचकाला या बदलात अक्षरांचे वळण बदलण्यापलीकडे फारसे काही दिसले नाही. दृष्टिहीन वाचकाला मात्र त्यामुळे मराठी मजकूर प्रथमच वाचता आला. ज्या परिपत्रकांची केवळ छायाचित्रे संकेतस्थळावर ठेवली जातात, ती अक्षरओळख केल्याशिवाय आजही वाचली जात नाहीत.

पानाची भाषा योग्य रीतीने नोंदवणेही आवश्यक असते. मराठी पान हिंदी म्हणून नोंदवले गेल्यास हिंदी आवाज निवडला जाऊन मराठी उच्चार बिघडू शकतात. इंग्रजी म्हणून नोंदवल्यास काही आवाज देवनागरी अक्षरे वगळूनच पुढे जातात. 'ई-स्पीक एनजी' हा मुक्त स्रोत उच्चारक मराठीसाठी उपलब्ध आहे.

महाराष्ट्रातील व भारतातील उदाहरणे

बदलाचा दृश्य आणि स्पर्शीय परिणाम किती भिन्न असतो, हे सॉफ्टवेअरबाहेरील एका उदाहरणातून स्पष्ट होते. २०१६ नंतर आलेल्या नव्या मालिकेतील नोटा रंगांनी सहज वेगळ्या ओळखता येतात. जुन्या मालिकेत १०० रुपयांची नोट १५७ मिलिमीटर व ५०० रुपयांची १६७ मिलिमीटर लांब होती. नव्या मालिकेत १००, २०० व ५०० रुपयांच्या नोटा अनुक्रमे १४२, १४६ व १५० मिलिमीटर लांब असून तिघींची रुंदी ६६ मिलिमीटर आहे. लगतच्या नोटांतील फरक ४ मिलिमीटरवर आल्याने बोटांनी मोजण्याची जुनी सवय मोडली. या प्रश्नावर मुंबईस्थित नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या संस्थेने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० रोजी मोबाइलच्या कॅमेऱ्याने नोट ओळखून तिचे मूल्य सांगणारे 'मनी' हे ॲप उपलब्ध केले. स्पर्शातून गेलेली सोय अशा रीतीने सॉफ्टवेअरमधून अंशतः परत आली. मात्र ती मिळवण्यासाठी स्मार्टफोन जवळ असणे आवश्यक झाले.

बोलणारे एटीएम हे उपकारक बदलाचे उदाहरण होय. युनियन बँक ऑफ इंडियाने २०१२ मध्ये अहमदाबाद येथे असे यंत्र सुरू केले. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील, दृष्टिहीनांसाठी काम करणाऱ्या 'झेवियर्स रिसोर्स सेंटर फॉर द व्हिज्युअली चॅलेंज्ड' या केंद्राचा या कामात सहभाग होता. इअरफोनमधून सूचना मिळाल्याने वापरकर्त्याला आपला गुप्त क्रमांक दुसऱ्यास सांगावा लागत नाही.

मे २०२१ पासून १८ ते ४४ वयोगटाच्या कोरोना लसीकरणासाठी 'कोविन' संकेतस्थळावर नोंदणी करणे सक्तीचे झाले. ३१ मे २०२१ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने या संकेतस्थळावरील उणिवांची नोंद घेतली. ध्वनीरूप कॅप्चा नव्हता, शोधासाठीचे पर्याय सुलभ नव्हते, कळफलकाची सोय नव्हती. उपलब्ध लशींची संख्या कळत असे, परंतु त्या कोणत्या केंद्रावर आहेत हे दृष्टिहीनांना समजत नसे. सेवा खिडकीवरून पडद्यावर गेली, तेव्हा खिडकीवर विचारता येणारा प्रश्न पडद्यावर विचारता येईनासा झाला.

कायदा व मानके

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान सुलभ करण्याची तरतूद आहे. राजीव रतुरी प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नियमावलीतील नियम १५(१) केवळ शिफारशीच्या स्वरूपाचा असल्याने मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि सक्तीची मानके तयार करण्याचे निर्देश दिले. ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून प्रकरणात त्याच न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंतची पोहोच हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या अधिकाराचा भाग मानला. कॅमेऱ्यासमोर पापण्या मिटण्यासारख्या ओळख-पडताळणीच्या पद्धतींना पर्याय देण्याचा मुद्दा त्यात होता.

जागतिक स्तरावर वेब सुलभतेची मार्गदर्शक तत्त्वे १९९९ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली व २०२३ मध्ये त्यांची २.२ ही आवृत्ती आली. एकाच संकेतस्थळावरील पानांत मांडणी व नावे यांची एकवाक्यता असावी, असे ती सांगतात. मात्र आजची आवृत्ती कालच्या आवृत्तीशी किती जुळावी, याचा निकष त्यांत नाही. त्यामुळे एखादे संकेतस्थळ बदलापूर्वी आणि बदलानंतरही मानकांना धरून असू शकते आणि तरीही त्याच्या सरावलेल्या वापरकर्त्याची वाट हरवू शकते.

बदल सुसह्य करण्याचे उपाय

आवृत्ती प्रसिद्ध करण्यापूर्वी ती स्क्रीन रीडर वापरणाऱ्या व्यक्तींकडून तपासून घेणे हा सर्वांत परिणामकारक उपाय होय. स्वयंचलित चाचणी बटणाला नाव आहे का एवढे सांगते; ते नाव अर्थपूर्ण आहे का, हे वापरणाराच सांगू शकतो. जुने कळक्रम चालू ठेवणे, काही काळ जुनी मांडणी निवडण्याची मुभा देणे आणि बदलांची यादी साध्या अक्षरी मजकुरात आधी देणे हेही उपाय प्रचलित आहेत. हे न झाल्यास दृष्टिहीन वापरकर्त्याला शेजारी, नातेवाईक किंवा दुकानदार यांच्या हाती मोबाइल सोपवावा लागतो, आणि त्याबरोबर खात्यातील शिल्लक व गुप्त क्रमांकही त्यांना कळतो.