‘असेटो कोर्सा’ : संगणक व कन्सोल आवृत्त्यांचा तुलनात्मक विचार

इटलीतील कुनोस सिम्युलाझिओनी या संस्थेने निर्माण केलेले ‘असेटो कोर्सा’ हे मोटार-शर्यतीचे सिम्युलेशन २०१४ मध्ये संगणकासाठी, तर २०१६ मध्ये प्लेस्टेशन ४ व एक्सबॉक्स वन या कन्सोलांसाठी प्रसिद्ध झाले. टायरची पकड, वळणावर सरकणारा गाडीचा भार यांचे गणित दोन्हींत मूलतः एकच आहे. भेद आहे तो मुक्ततेचा. संगणकावर वापरकर्ते स्वतः घडविलेल्या मोटारी व मार्ग त्यात समाविष्ट करू शकतात; कन्सोलची बंदिस्त रचना ही मुभा देत नाही. मात्र तेथे यंत्रसामग्री ठरावीक असल्याने जुळवाजुळव करावी लागत नाही. सुलभता लाभते, स्वातंत्र्य उणावते. संगणक-आवृत्ती दशकानंतरही टिकून राहिली, याचे श्रेय प्रामुख्याने वापरकर्त्यांनी घातलेल्या भरीला द्यावे लागेल. म्हणूनच अध्यापनासाठी तंत्रसाधन निवडताना ‘यात काय आहे?’ याबरोबरच ‘यात आपल्याला काय घालता येईल?’ हाही प्रश्न विचारणे अगत्याचे ठरते.